सॉसेज वगळून: एडिसन ते शिकागो, वाकड्या वाटेने

लेकीची बदली न्यू जर्सीतल्या एडिसनहून शिकागोला झाली तेव्हा आम्ही दोघं नेमके तिच्याकडेच होतो. जावई महिनाभर आधीच तिकडे गेला होता, सामान ट्रकवाले नेणार होते. राहिली गाडी. ती कुणीतरी चालवत न्यायला हवी. लेक म्हणाली, "आई, सरळ गेलं तर बारा-तेरा तास. वाकडं गेलं तर आठवडा. मला सुट्टी आहे, वाकडं जाऊ."

वाकडं जायला निमित्त लागतं. मला नायगारा पुरला असता, पण तो आमचा मागच्या खेपेला झाला होता. ह्यांनी हॉट डॉग काढला. म्हणे इथे दर दोनशे मैलांवर त्याचं रूप बदलतं, ते बघत बघत जाऊ. नोकरीत तीन वर्षं मडगावला काढल्यापासून पावात घातलेल्या सॉसेजवर ह्यांचा जीव आहे. तिथल्या चोरीस-पावाची आठवण आजही महिन्यातून एकदा निघतेच.

अडचण माझी होती. मी मासे, कोंबडी, मटण सगळं खाते, पण बीफ खात नाही. डुकराचंही नाही. का, ते विचारू नका, कारण मलाही नीट सांगता येणार नाही. आणि इथले हॉट डॉग एकतर निव्वळ बीफचे, नाहीतर बीफ आणि पोर्क मिसळून केलेले. मग वाटणी ठरली: सॉसेज ह्यांचं खातं, वरचं सगळं माझं. प्रत्येक ठिकाणी मी पाव आणि टॉपिंग मागायचं, सॉसेज वगळून.

लेकीला वाटलं, मी उपाशी मरणार. मला तसं वाटलं नाही. माझं माहेर कोल्हापूर. मिसळीत मटकीला महत्त्व देणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. मटकी सगळीकडे सारखीच. गाव कळतं ते कटावरून.

दिवस पहिला: कोनी आयलंड

गाडी घरीच ठेवली. ट्रेनने न्यूयॉर्क, तिथून सबवे, आणि सबवे जिथे संपते तिथे समुद्र. कोनी आयलंड हे नाव बेटाचं असलं तरी आता ते बेट उरलेलं नाही. लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता, 1920 सालचा वंडर व्हील पाळणा, 1927 सालचा सायक्लोन रोलर कोस्टर. जत्राच ती, फक्त कायमची मांडून ठेवलेली.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच नेथन्स. पण गोष्ट त्याच्याही आधीची आहे. चार्ल्स फेल्टमन नावाचा जर्मन माणूस 1867 साली इथे हातगाडी लावून पावातून सॉसेज विकायचा. पुढे त्याचं मोठं हॉटेल झालं. त्याच्याकडे कामाला असलेला नेथन हँडवर्कर, पोलंडहून आलेला ज्यू, याने 1916 साली स्वतःचा ठेला टाकला. फेल्टमनकडे दहा सेंट, तर हा पाचला द्यायचा. मालकाकडे शिकून मालकासमोरच गाडी लावायची, हे वाचून मला आमच्याकडचे किती वडापाववाले आठवले!

दर 4 जुलैला इथे खाण्याची स्पर्धा होते. दहा मिनिटं. जोई चेस्टनटने 2021 साली 76 खाल्ले. हे म्हणाले, "म्हणजे आठ सेकंदांना एक." बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला असला भागाकार आवरत नाही.

ह्यांनी मस्टर्ड घातलेला एक घेतला. पहिल्या घासाला 'कट्ट' असा आवाज झाला, तो मलाही ऐकू आला. हे मेंढीच्या आतड्याचं आवरण, असं लेकीने सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि पुढे खात राहिले. इथली माणसं याला 'स्नॅप' म्हणतात आणि स्नॅप नसलेल्या सॉसेजला हिशेबातच धरत नाहीत.

माझ्या पावात आलं साउअरक्राउट आणि मस्टर्ड. साउअरक्राउट म्हणजे मिठात मुरवून आंबवलेला बारीक कोबी. लिंबाच्या लोणच्याची बरणी वर्षाने उघडल्यावर जो वास येतो, त्याचा धाकटा भाऊ. कोरडा मऊ पाव आणि आंबट कोबी. तिसरा घास झाल्यावर मजा संपली. इथे सॉसेज हवंच. कोबी नुसता त्याचं तूप कापायला आहे. न्यूयॉर्कमध्ये माझ्या वाट्याचं काही नाही, असं मी वहीत लिहून टाकलं, पण संध्याकाळी मॅनहॅटनमधल्या हातगाडीवर कांद्याचा लाल सॉस मिळाला. टोमॅटोत शिजवून गोडसर केलेला कांदा. तो दोनदा मागून घेतला. गाडीवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा पावाकडे पाहिलं आणि पैसे फक्त पावाचे घेतले.

त्याच रात्री 72व्या रस्त्यावर ग्रेज पपायामध्ये हॉट डॉगबरोबर पपईचं पेय पितात हे पाहिलं. पपई आणि सॉसेज! आमच्या आईने धर्मशास्त्र काढलं असतं. उभ्याने खायचं, दोन मिनिटांत बाहेर. पेय बरं होतं.

दिवस दुसरा: न्यू जर्सीतच

एवढी वर्षं लेक इथे राहिली, दर शनिवारी ओक ट्री रोडवर जाऊन पोहे आणि शेंगदाणे आणले, आणि अर्ध्या तासावर काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. दिव्याखालचा अंधार म्हणायचा.

सकाळी क्लिफ्टनला रट्स हट. 1928 पासूनचं. इथे हॉट डॉग भाजत नाहीत, उकडत नाहीत, तर तेलात सोडून तळतात. तळताना आवरण टराटरा फाटतं म्हणून त्याचं नाव 'रिपर'. लवकर काढला तर 'इन अँड आउटर', जास्त ठेवला तर 'वेलर', आणि अगदी कोळसा करून हवा असेल तर 'क्रिमेटर'. हे म्हणाले, वैकुंठात नेल्यावर काय मागवायचं ते आता कळलं. मी त्यांना बाहेर जाऊन उभं राहायला सांगितलं.

इथलं पिवळं रेलिश मात्र माझ्या खात्यातलं होतं. मोहरी, कोबी, गाजर, बाकी गुपित. फेसलेल्या मोहरीचं आपलं गाजराचं लोणचं आठवा, त्याला जरा गोड करा आणि शिजवून लगदा करा. नाकात झिणझिण्या आणण्याइतकी मोहरी इथे कुणी घालत नाही, पण जात तीच. पावाला लावून दोन खाल्ले.

दुपारी खरा खजिना सापडला. नेवार्कच्या इटालियन वस्तीत 1932 साली जिमी बफ्स नावाच्या दुकानाने 'इटालियन हॉट डॉग' सुरू केला. आम्ही तो एका उपनगरातल्या छोट्या दुकानात खाल्ला. यात नेहमीचा लांबट पाव नसतो. 'पिझ्झा ब्रेड' नावाचा गोल, जाड, चिवट पाव असतो. तो कापून त्याचा खिसा करतात. एकच सॉसेज हवं तर त्या गोल पावाचा चौथा हिस्सा, दोन हवी असतील तर अर्धा, अशा मापाने. सॉसेजवर तळलेली भोपळी मिरची, कांदा आणि बटाट्याच्या गोल चकत्या ठेचून भरतात.

काउंटरवरच्या काकांना लेकीने सांगितलं, "एक बिनसॉसेजचा." ते म्हणाले, "मग उरलं काय?" मी म्हटलं, "तेच द्या."

उरल्या होत्या बटाट्याच्या काचऱ्या! अक्षरशः काचऱ्या. कडेला कुरकुरीत, मधे मऊ, कांदा करपायला आलेला, मिरची तेलात लोळलेली. फक्त हिंग आणि हळद राहिली होती. शाळेच्या डब्यात काचऱ्या आणि पोळी नेलेल्या बाईला परदेशात, सॉसेजच्या दुकानात, हे मिळावं? ते सगळं एकाच तेलात तळतात, हे मला दिसत होतं. मी त्यावर विचार केला नाही. केला असता तर उपास घडला असता.

वाटेत पॅटरसन लागलं. तिथला प्रकार 'टेक्सास वीनर', म्हणजे तिखट मांसाचा सॉस, मस्टर्ड आणि कांदा. तो काढला ग्रीक लोकांनी, टेक्सासचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. लेकीने गाडीत बसल्याबसल्या मोबाइलवर बघून सांगितलं की ऱ्होड आयलंडमध्ये अशाच प्रकाराला 'न्यूयॉर्क सिस्टिम' म्हणतात, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला प्लॅट्सबर्गमध्ये 'मिशिगन' म्हणतात आणि खुद्द मिशिगनमध्ये 'कोनी आयलंड' म्हणतात. आणि कोनी आयलंडवर काल आम्हाला तो कुठेच दिसला नव्हता. आपली चायनीज भेळ आहे की, तसंच.

दिवस तिसरा: नुसता रस्ता

सकाळी सातला निघालो. ॲलनटाउनपाशी योकोज नावाचं 1922 सालचं दुकान लागतं. मोटारींच्या जगात गाजलेल्या ली आयकोका यांच्या काकांचं ते. आयकोका हे आडनाव गिऱ्हाइकांना उच्चारता येईना, त्याचं योको झालं. आम्ही पोहोचलो तेव्हा न्याहारीचीच वेळ होती, ह्यांचीसुद्धा छाती झाली नाही. पुढे गेलो.

पेनसिल्व्हेनिया, मेरीलँडची चिंचोळी पट्टी, मग वेस्ट व्हर्जिनिया. डोंगरांत धुकं. आंबोलीला आल्यासारखं वाटत होतं, फक्त रस्त्यावर खड्डे नव्हते आणि मक्याची कणसं भाजणारं कुणी नव्हतं.

मुक्काम फेअरमाँटजवळ. हे कोळशाच्या खाणींचं गाव. इथे हॉट डॉगपेक्षा 'पेपरोनी रोल'चा मान मोठा. इटालियन खाणकामगार पाव आणि सॉसेजचा तुकडा घेऊन खाली उतरायचे. ते बघून जुझेप्पे आर्जिरो नावाच्या बेकरीवाल्याने 1927च्या सुमारास सॉसेज पिठातच घालून भाजायला सुरुवात केली. गरम करायला नको, ताट नको, एका हातात धरून खाता येतं. फडक्यात बांधलेली भाकरी आणि चटणी शेतावर नेतात त्यातलाच विचार. मी फक्त वास घेतला.

दिवस चौथा: हंटिंग्टन, आणि रात्री सिनसिनाटी

वेस्ट व्हर्जिनियाच्या हॉट डॉगला एक सीमारेषा आहे. कोबीची. फेअरमाँटकडच्या उत्तर भागात हॉट डॉगवर कोबी घातला तर लोक नाक मुरडतात. दक्षिणेत कोबी नसेल तर तो हॉट डॉगच नव्हे. बारीक वाटलेल्या मांसाचा चिली सॉस, मस्टर्ड, कांदा आणि सगळ्यांत वर कोलस्लॉ, म्हणजे मेयोनेज घालून केलेली गोडसर कोबी. सॉसला इथे बरेच जण चिली म्हणत नाहीत, नुसतं 'सॉस' म्हणतात.

हंटिंग्टनला स्ट्युअर्ट्समध्ये जेवलो. 1932 साली रूट बिअर या बिनदारूच्या गोड पेयाचा ठेला म्हणून सुरू झालेलं. गाडीतच बसायचं, ट्रे खिडकीला अडकवतात. रूट बिअरचा मी एक घोट घेतला. ज्यांनी लहानपणी गुडघ्याला आयोडेक्स चोळून घेतलंय, त्यांना याची चव वर्णन करून सांगायची गरज नाही. ह्यांनी माझाही ग्लास संपवला.

पावात कोबी, कांदा आणि मस्टर्ड, एवढाच माझा हॉट डॉग. कोबी इतका बारीक चिरलेला की विळीवर बसणाऱ्या माझ्या आत्यानेही मान डोलावली असती. गार, गोडसर, कुरकुरीत. मधूनच कांद्याचा झणका. कोनी आयलंडचा आंबट कोबी सॉसेजशिवाय लंगडा होता. हा स्वतःच्या पायावर उभा होता. मात्र दुसरा मागवला नाही. कोशिंबीर किती खाणार?

दुपारी निघून ओहायो नदीच्या कडेकडेने संध्याकाळी सिनसिनाटी. आणि तिथे, स्कायलाइन चिलीचं दार उघडल्याबरोबर, मी दारातच थबकले. दालचिनी! लवंग! मसाला भाजायला घेतल्यासारखा वास.

सिनसिनाटीची चिली ही टेक्सासकडची चिली नव्हे. 1922 साली किराजिएफ आडनावाच्या दोन मॅसेडोनियन भावांनी एम्प्रेस नावाचं दुकान काढलं. शेजारी त्याच नावाचं नाटकघर होतं. त्यांनी आपल्या मुलखातल्या मसाल्यांनी मांसाचा पातळ रस्सा केला आणि तो स्पगेटीवर आणि हॉट डॉगवर ओतला. मांस आधी परतायचं नाही. कच्चाच खिमा पाण्यात मोडून शिजवायचा, म्हणजे तो वाळूसारखा बारीक राहतो. स्कायलाइन पुढे 1949 साली ग्रीसहून आलेल्या निकोलस लाम्ब्रिनिडीस यांनी काढलं. त्यांच्या दुकानातून शहराच्या इमारती दिसायच्या, म्हणून ते नाव.

इथला हॉट डॉग म्हणजे 'चीझ कोनी'. पाव लहान, सॉसेज लहान. त्यावर मस्टर्ड, चिली, कांदा, आणि मग किसलेल्या पिवळ्या चेडर चीझचा डोंगर. खालचं काही दिसता कामा नये. चीझ बारीक धाग्यांसारखं किसलेलं, वितळलेलं नाही. मला बारीक शेवेचा भास झाला. त्यात वाढणाऱ्या मुलीने आल्याआल्या टेबलावर गोल खारे क्रॅकर आणि तिखट सॉसची बाटली ठेवली. क्रॅकरला भोक पाडून आत सॉसचा थेंब टाकायचा, हे शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी शिकवलं.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही मिसळ आहे." खाली कुणी विचारत नाही असं काहीतरी, त्यावर कट, त्यावर कांदा, त्यावर शेव, आणि बाजूला कुरकुरीत. ह्यांनी नेहमीप्रमाणे आधी मान्य केलं नाही. दुसरी कोनी खाल्ल्यावर म्हणाले, "पुण्यातली."

तो टोमणा होता की दाद, अजून कळलेलं नाही. पण बरोबर होतं. तिखट नाही, गोडसर, गरम मसाल्याची. रश्श्यात तर्री तरंगत नाही. माझ्या सासरच्या मिसळीसारखी, सभ्य.

रस्सा बीफचा, त्यामुळे मला तोच वर्ज्य. त्यांच्याकडे शाकाहारी पर्याय निघाला: काळा घेवडा आणि भात. तो स्पगेटीवर घालून वर चीझ. शेवयांवर भात, भातावर उसळ, उसळीवर शेव. एवढं एकावर एक मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेलं नाही. चव ठीक, पण माझं लक्ष ह्यांच्या ताटलीतून येणाऱ्या वासाकडे होतं. आठवड्यात एकदाच मला माझ्या नेमाचा राग आला, तो इथे.

दिवस पाचवा: टोलीडो आणि डेट्रॉइट

टोलीडोला दुपारचं जेवण टोनी पॅकोजमध्ये. ही हंगेरियन वस्ती. 1932 साल मंदीचं. अख्खं सॉसेज परवडेना म्हणून पॅकोने ते उभं चिरून अर्धं पावात घातलं आणि वर चिली ओतली. त्याला नाव दिलं हंगेरियन हॉट डॉग. हंगेरीत ते कुणाला माहीत नसणार. इथली गंमत भिंतींवर आहे: मोठमोठ्या माणसांनी सही केलेले पाव! 1972 साली बर्ट रेनॉल्ड्स या नटाने खऱ्या पावावर सही केली, तिथून प्रथा पडली. आता फोमचे पाव ठेवतात. 'मॅश' या दूरचित्रवाणी मालिकेतला क्लिंगर टोलीडोचा दाखवला होता, आणि ते काम करणारा जेमी फार खरोखरच टोलीडोचा. त्याने मालिकेत या दुकानाचं नाव घेतलं आणि ते देशभर झालं.

मी लोणच्याची भजी खाल्ली. खरंच. काकडीच्या लोणच्याच्या चकत्या पिठात बुडवून तळलेल्या. बाहेर पाऊस असता तर तिथेच राहिले असते.

तासाभरात डेट्रॉइट. शहराच्या मधोमध, भिंतीला भिंत लावून दोन दुकानं: अमेरिकन कोनी आयलंड आणि लाफायेट कोनी आयलंड. ग्रीसहून आलेल्या गस्ट केरॉसने पहिलं 1917 साली काढलं. त्याच्या भावाने शेजारी दुसरं. त्यानंतर डेट्रॉइटमध्ये घरं दोन पक्षांत वाटली गेली, ती अजून तशीच आहेत. 'कुठल्याही जा' असं म्हणणारा डेट्रॉइटकर आम्हाला भेटला नाही. हॉटेलातल्या मुलाला विचारलं तर त्याने लाफायेट सांगितलं. पार्किंगवाल्याने तिकडे जाऊच नका म्हणून अमेरिकन सांगितलं. मोटारींच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या माणसांना स्वस्त, गरम, झटपट हवं होतं, त्यावर हा धंदा उभा राहिला आणि आज त्या भागात कुठल्याही साध्या खाणावळीला 'कोनी' म्हणतात.

ह्यांनी दोन्हीकडे एकेक खाल्ला. सॉसेजवर पातळ चिली, पिवळ्या मस्टर्डची रेघ, बचकभर चिरलेला कच्चा कांदा. दुसऱ्या दुकानातून बाहेर येताना त्यांचा चेहरा निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखा होता. निकाल असा: "पहिल्याचा पाव, दुसऱ्याची चिली." म्हणजे दोन्ही पक्षांनी हाकलून दिलं असतं.

तासभर उत्तरेला फ्लिंट आहे. तिथली चिली सुकी असते, सुक्या खिम्यासारखी; त्यात बीफचं हृदय वाटून घालतात, आणि सॉसेज तिथल्याच केगल कंपनीचं, जी 1916 पासून चालू आहे. हे जाऊ या म्हणत होते. लेकीने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

माझं डेट्रॉइट म्हणजे पावात मस्टर्ड आणि कांदा. वाईट दिवस. पण ग्रीक दुकानाची एक सोय असते, हॉट डॉगखेरीज त्यांच्याकडे घरचंही मिळतं. एका साध्या कोनीत लिंबू घातलेलं कोंबडीचं भाताचं सूप मिळालं. पिवळं, आंबट, पातळ. पाच दिवसांच्या पावानंतर तो मऊ भात पोटात गेला आणि डोळे मिटायला लागले.

दिवस सहावा

डेट्रॉइट ते शिकागो. वाटेत घड्याळ एक तास मागे गेलं, तेवढीच कमाई. जावई दारात उभा. घरात एक गादी, दोन खुर्च्या, ट्रकचा पत्ता नाही. ट्रकवाल्यांनी आज येतो सांगितलं होतं. फोनवर परवा झालं. ही मंडळी सगळीकडे सारखीच.

दिवस सातवा: शिकागो

शिकागोच्या हॉट डॉगचं मूळ 1893 च्या जागतिक प्रदर्शनात आहे. एमिल राइशेल आणि सॅम्युएल लॅडनी हे ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेले दोघे तिथे सॉसेज विकायला उभे राहिले, आणि त्यातून व्हिएन्ना बीफ कंपनी निघाली. आजही इथल्या बहुतेक ठेल्यांवर त्यांचीच पिवळी पाटी असते. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत 11 सप्टेंबर 1893 रोजी विवेकानंद बोलले. हे म्हणाले, "स्वामीजींना हा वास आला असेल?" नसेल. प्रदर्शन जॅक्सन पार्कात होतं, परिषद कित्येक मैलांवर मध्य शहरात, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे तिथे.

घराजवळच्या कोपऱ्यावर एक छोटा ठेला आहे. तिथे मी माझं वाक्य म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी अजिबात आश्चर्य न दाखवता विचारलं, "सगळं घालू?" मी म्हटलं, सगळं.

आता हे 'सगळं' नीट सांगते. वाफवलेला मऊ पाव, त्यावर खसखस. अनारशाशिवाय खसखस अशी थापलेली मी पहिल्यांदा पाहिली. पिवळं मस्टर्ड. हिरवंगार रेलिश, इतकं हिरवं की निसर्गात तो रंग फक्त पोपटाला दिलेला आहे. बारीक कांदा. टोमॅटोच्या दोन फोडी. काकडीच्या लोणच्याचा उभा लांब काप. 'स्पोर्ट पेपर' नावाच्या दोन बुटक्या मिरच्या, व्हिनेगरात मुरलेल्या. आणि शेवटी वरून सेलरी सॉल्ट, म्हणजे अजमोद्याच्या वासाचं मीठ. याला इथे 'बागेतून ओढून काढलेला' म्हणतात. 1929 साली मॅक्सवेल स्ट्रीटवर फ्लूकीज नावाच्या ठेल्याने हे पाच सेंटांना द्यायला सुरुवात केली, 'डिप्रेशन सँडविच' म्हणून. मंदीत पाच सेंटांत पोट भरायचं तर मांस वाढवता येत नाही, पण भाजी वाढवता येते.

सॉसेज काढलं तर या पावातून काय गेलं? मी सांगते, काही नाही. आंबट, गोड, खारट, तिखट, कुरकुरीत, मऊ, गरम, गार. सगळं जिथल्या तिथे. फोर्टात ऑफिसबाहेर उभं राहून खाल्लेलं टोमॅटो-काकडीचं सँडविच, आणि त्याची मुंबईची हिरवी चटणी जाऊन पोपट आलेला. मिरची दाताखाली फुटली तेव्हा नाकातून पाणी आलं. आठवड्यात पहिल्यांदा! मी दुसरा घेतला. मग जावयाच्या हातातला अर्धा, सॉसेज त्याला परत देऊन.

या ठेल्यावर शाकाहारी सॉसेजही होतं. लेकीच्या आग्रहाने तो 'पूर्ण' हॉट डॉगही खाऊन पाहिला. रबर. मधे उगाच कुणीतरी येऊन बसल्यासारखं. काढून ठेवलं.

केचप मात्र मागू नका. जावयाने पहिल्याच आठवड्यात ते केलं होतं आणि मागच्या माणसाने त्याला गाव विचारलं होतं. शहराबाहेर रिव्हर ग्रोव्हला जीन अँड ज्यूड्स आहे, तिथे तर दुकानात केचप ठेवतच नाहीत. त्यांच्या पावात टोमॅटोही नसतो. उलट तळलेल्या बटाट्याच्या सळ्या वरून रचून कागदात गुंडाळून देतात. कारण विचाराल तर लोक सांगतात, केचपमधली साखर बाकीच्या सगळ्या चवी झाकून टाकते. मला ते तत्काळ पटलं. कोल्हापुरात मिसळीवर दही मागणाऱ्याकडे असंच बघतात, आणि मी पस्तीस वर्षं अशा माणसाबरोबर संसार केला आहे.

संध्याकाळी सुपरडॉग पाहून आलो. 1948 सालचं. छतावर दोन अवाढव्य सॉसेज उभी, एक नवरा एक बायको, डोळ्यांत दिवे, त्याने बिबट्याचं कातडं नेसलेलं. मॉरी आणि फ्लॉरी, मूळ मालक जोडप्याचीच नावं. ते डेव्हॉन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आहे, आणि त्याच डेव्हॉनवर काही मैल पूर्वेला आपली दुकानं सुरू होतात. साड्या, पानपट्टी, किराणा. तिथून मोड आलेली मटकी, फरसाण, कांदे, दही घेतलं. कांदा-लसूण मसाला माझ्या बॅगेत होताच; तो मी ट्रकवर सोडत नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जावयाने ठेवलेल्या एकुलत्या एका पातेल्यात कट केला. लादीपाव आणायचा राहिला होता. खसखशीचे चार पाव उरले होते, ते वाफवून घेतले. खाली बसूनच खाल्लं, कारण खुर्च्या दोन. कटावर तर्री चढली होती, लेकीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

ह्यांनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायले आणि विचारलं, "दही आहे का गं?"

लेक म्हणाली, "बाबा, शिकागोत केचप मागताय."

दही फ्रिजमध्ये होतं. मी काही बोलले नाही.